वैयक्तिक फावडे

भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर सामानाची यादी पाठवली होती. मी ती मोठ्यानं वाचत होतो आणि बायको ज्वारी निवडत ऐकत होती. स्लीपिंग बॅग, कपाळाला बांधायची बॅटरी, स्वतःचं ताट, स्वतःचा मग, कानटोपी, पॉवर बँक, टॉयलेट पेपर, वैयक्तिक फावडे.

“वैयक्तिक फावडं म्हंजे?” तिनं विचारलं.

“सार्वजनिक नसलेलं.”

“तिथं काय बांध घालायचाय का?”

भाच्याला फोन लावला. “मामा, वाळवंटात संडास नसतो,” तो म्हणाला. “सकाळी उठून टेकडीमागं जायचं, वीतभर खड्डा करायचा, उरकलं की बुजवायचा. कागद तिथं टाकायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. आपला ग्रुप त्या बाबतीत फार कडक आहे.” फोन स्पीकरवर होता. बायकोनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

तिच्या हसण्याला इतिहास आहे. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. जनगणना, मतदारयाद्या आणि पोलिओ हे आमचे मुख्य विषय. वेळ उरला तर भूगोल. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं, पुढं गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली आणि पहाटे पाचला गळ्यात शिट्टी अडकवून मी गावाबाहेर उभा राहू लागलो. टमरेल दिसलं की शिट्टी फुंकायची. माणूस गडबडून उठला की त्याच्या हातात गुलाबाचं फूल द्यायचं. आमच्या बोरीतले काही जण अजूनही माझा रामराम घेत नाहीत.

“जावा खुशाल,” बायको म्हणाली. “फक्त तिथं गुलाब कोण देणार, तेवढं विचारून ठेवा.”

मी गेलो तो भूगोलापायी. भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. त्यानं हप्त्यावर थार गाडी घेतली, आणि थार घेऊन थारच्या वाळवंटात न गेलेल्या माणसाला त्यांच्या ग्रुपमध्ये मान नसतो म्हणे. जानेवारीत जैसलमेरची मोहीम ठरली. शेजारी बसणाऱ्या मित्राला ऐनवेळी रजा मिळाली नाही आणि माझी वर्णी लागली. ‘वाऱ्याचे कार्य’ हा धडा मी निवृत्त होईपर्यंत शिकवला. फळ्यावर चंद्रकोरीच्या आकाराची बारखाण टेकडी काढायची. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची, ती वातसन्मुख. आडोशाची तीव्र उताराची, ती वातविन्मुख. शेजारी बाण, खाली नाव, तीन गुण. बाकी खरी वाळू मी पाहिली होती ती टिप्परमध्ये, रात्री, आणि टिप्परला नंबरप्लेट नसताना.

जैसलमेरला ओळखपरेड झाली. सगळी मंडळी पुण्या-मुंबईची. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, तुम्ही कुठले?”

“बोरी.”

“बोरिवली ईस्ट की वेस्ट?”

“नाही, नुसती बोरी.”

दुसऱ्यानं मदत केली. “जुन्नरची का? तिथं ती प्राचीन ज्वालामुखीची राख सापडली आहे.” मी म्हटलं, तीही नाही, आमची परभणी जिल्ह्यातली, जिंतूर रोडची. तिथं राखेवर अजून कुणी संशोधन केलेलं नाही. मग ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्या जिल्ह्याचं ब्रीद ऐकवलं. आमच्याबद्दल निजामाच्या काळापासून ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असंही म्हणतात, ते मात्र पोटात ठेवलं. पहिल्याच दिवशी सगळं सांगू नये.

वाळू सुरू झाली तिथं सगळ्या गाड्या ओळीनं थांबल्या, आणि माणसं खाली उतरून चाकांतली हवा सोडू लागली. बोरीत हवा भरायला पैसे मोजावे लागतात. इथं हजाराहून जास्त किलोमीटर आणलेली पुण्याची हवा फुसफुस करून राजस्थानात सोडत होते. बत्तीसची सोळा-सतरावर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतं, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत कमी घुसतं, असं ग्रुपच्या म्होरक्यानं समजावलं. हा मनुष्य एरवी बँकेत अधिकारी होता, पण गळ्यात वॉकीटॉकी आल्यापासून त्याच्या बोलण्यात सुभेदार शिरला होता. वाळूवर ब्रेक मारायचा नाही. टेकडी सरळ चढायची, सरळ उतरायची, आडवी गाडी घालायची नाही, नाहीतर उलटते. हवा कमी असताना स्टिअरिंग गचकन फिरवायचं नाही, टायर रिंग सोडतं. सम गावच्या पर्यटकांच्या गर्दीकडं जायचं नाही आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही; तिथं माळढोक पक्षी राहतो. आपल्याकडं सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे. तिथं मी शाळेची सहल नेली होती आणि पोरांना माळढोक दाखवला होता, फलकावरचा.

पहिली मोठी टेकडी आली. म्होरक्या वॉकीटॉकीवर म्हणाला, “माथ्यावर थांबून पलीकडं बघा, मगच पुढं.” माझ्या अंगात धडा संचारला. भाच्याच्या हातातलं यंत्र घेऊन मी ओरडलो, “सावधान! पलीकडं वातविन्मुख उतार आहे! कोरड्या वाळूचा विरामकोन तेहतीस-चौतीस अंश!”

यंत्रावर बराच वेळ नुसती खरखर. मग कुणीतरी हळूच विचारलं, “आपल्या फ्रिक्वेन्सीवर आकाशवाणी लागलीय का?”

गाडीनं माथ्यावरून नाक खाली केलं आणि समोर आकाशाऐवजी फक्त वाळू दिसू लागली, तेव्हा मला इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांची दया आली. पाठ्यपुस्तकात त्या उताराला एक रेघ असते. पोटात काय होतं ते कुठंच दिलेलं नाही.

दुपारपर्यंत कुणीच रुतलं नाही. मला वाटलं, मंडळी खूश असतील. पण सगळ्यांचे चेहरे पडलेले. चहाच्या वेळी एकजण म्हणाला, “यंदा मजा नाही येत आहे.” तासाभरात त्याचीच गाडी पोटापर्यंत वाळूत बसली आणि जो जल्लोष उठला! चार मोबाईल, दोन कॅमेरे, एक ड्रोन. गाडीमालकाच्या बायकोनं त्याला मिठी मारली.

आता मी बोरीचा माणूस. आमच्याकडं मृग बरसला, करपरा नदीला पाणी आलं की शेतात जाणारी प्रत्येक पाणंद हेच करते. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग धरलेलं सोडत नाही. चप्पल धरली तर चप्पल राहते, माणूस पुढं जातो. ट्रॅक्टर रुतला तर काढायला दुसरा ट्रॅक्टर जातो आणि त्या दोघांना काढायला तिसऱ्याच्या घरी चहाला जावं लागतं. बाळंतीण बाजेवरून न्यावी लागते. त्या पाणंदीवर खडी पडावी म्हणून आमची माणसं अर्ज देऊन देऊन म्हातारी झाली. आणि इथं हा मनुष्य हप्त्यावर गाडी घेऊन, रजा टाकून, डिझेल जाळून रुतायला आला होता, आणि रुतल्याबद्दल त्याचं अभिनंदन चाललं होतं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मीही फावडं घेऊन धावलो आणि मला फार मजा आली. पेरणी खोळंबलेली नसली की रुतण्यात काय गंमत आहे, हे बोरीत राहून कळायला मार्ग नव्हता.

गाडीमालकानं टपावरून नारिंगी रंगाच्या खाचाखाचांच्या दोन फळ्या काढल्या. चाकाखाली घालायच्या. एका जोडीच्या किमतीत आमच्या बाजारात दुभती शेळी दावणीसकट येईल. मी म्हटलं, “अहो, आम्ही याला तुराट्या घालतो. नाहीतर पऱ्हाट्या.” तिथं तूर नव्हती, कापूस नव्हता, पण जवळ एक काटेरी झाड होतं. मी फांदीला हात घालणार तेवढ्यात आमच्याबरोबरचा गावातला वाटाड्या धावत आला. “माटसाब, खेजडी है!”

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला मी जिची पूजा करतो ती पानावरून ओळखली नाही, कारण पूजेला ती पुडीत येते. वाटाड्यानं मला वाळूवर बसवून खेजडली गावची हकिगत ऐकवली. १७३० साली जोधपूरच्या महाराजांची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिष्णोई झाडाला कवटाळून उभी राहिली. तिच्यासकट ३६३ माणसांनी जीव दिला. मी हात मागं घेतला. पुढचा अर्धा दिवस त्या झाडाच्या सावलीतून जाताना चप्पल काढावी की काय असं वाटत होतं.

संध्याकाळी दुसरी गाडी रुतली, मग आमची. डॉक्टरीणबाईंनी माझं सांत्वन केलं. “काका, वाईट वाटून घेऊ नका. इथं वर लोंगेवालाला १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानचे रणगाडे रुतले होते.” हे खरं आहे. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या शंभर-सव्वाशे जवानांनी रात्रभर ठाणं लढवलं, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी वाळूत फसलेले रणगाडे टिपले. ग्रुपमधल्या प्रत्येकानं ‘बॉर्डर’ सिनेमा पाहिलेला असल्यानं ही लढाई मला पाच वेगवेगळ्या जणांनी, दरवेळी सनी देओलच्या आवाजात, सांगितली. आमच्या गाडीवर हल्ला करायला कुणी आलं नाही. एक उंट येऊन बघून गेला.

रात्रीचं थोडक्यात सांगतो, कारण तारे खूप असतात हे सगळ्यांना माहीत आहे. बायकोनं दिलेल्या येसराची आमटी मी गॅसवर केली, धपाटे आणि ठेचा काढला, आणि तिथून पुढं मला वॉकीटॉकीवर काय वाटेल ते बोलायची मुभा मिळाली. कोरडी वाळू दिवसा जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर रात्री निवते, हेही मी शिकवलेलं होतं. पण स्लीपिंग बॅगची चेन आतून अडकते, हे त्या धड्यात नाही.

पहाट झाली. वैयक्तिक फावडे, वैयक्तिक बाटली आणि कपाळावर दिवा घेऊन मी निघालो. आजूबाजूच्या टेकड्यांवर तसेच दिवे हलताना दिसत होते. प्रत्येक दिवा दुसरा दिवा दिसला की दिशा बदलत होता. आयुष्यभर मी ज्या बाजूला शिट्टी घेऊन उभा राहिलो, त्याच्या नेमक्या उलट बाजूला आलो होतो. वातविन्मुख उतार धरला, वीतभर खड्डा नियमानं केला आणि बसलो.

आणि शिट्टी वाजली.

म्होरक्यानं चहासाठी फुंकली होती, हे नंतर कळलं. त्या क्षणी माझ्यातला पथकप्रमुख आणि माझ्यातला गुन्हेगार दोघेही एकदम उठले. फावडं एकीकडं, बाटली एकीकडं. समोरून एक उंटवाला आपले उंट घेऊन चालला होता. त्यानं जराही न बावरता “राम राम सा” म्हटलं आणि पुढं गेला. माणसाची अब्रू राखण्याचं असं वळण आमच्या पथकात एकालाही नव्हतं.

शेवटच्या दिवशी ग्रुपमधली सगळ्यांत महाग गाडी अशी बसली, की फळ्या, पट्टे, विंच सगळं हरलं. मग वाटाड्यानं गावात फोन केला आणि वाळूतून फटफट करत एक लाल ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं विडी न विझवता साखळी लावली आणि गाडी उपटून काढली. त्यानं सांगितलेली रक्कम म्होरक्यानं घासाघीस न करता दिली, वर त्याच्याबरोबर फोटो काढला. मी आकडा डोक्यात ठेवला.

घरी आल्यावर बायकोनं फावडं आधी बाहेरच्या नळावर धुवायला लावलं. आठवड्याभरानं म्होरक्याचा फोन आला. “मामा, तुम्ही सांगितलेला तो चिखल तुमच्याकडं नक्की कधी असतो? आम्ही वीसेक गाड्या आणू म्हणतो. सोय होईल का?”

मी म्हटलं, जुलैत या, चिखलाला आमच्याकडं तोटा नाही. संध्याकाळी पारावर शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला ही बातमी दिली आणि राजस्थानचा दरही सांगितला. त्याचे डोळे चमकले. त्यानं बोटांवर वीस गाड्यांचा हिशेब केला, तंबाखू मळली, आणि मळता मळता थांबला.

“पण गुरुजी,” तो म्हणाला, “ते जर रुतायलाच येऊ लागलेत, तर काढायचे पैसे कामून देतील?”