हार पुरे, परीक्षानळी काढा

१८ जून, जयंतीचा दिवस उजाडला की जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचा फोटो मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागतो. २०२३ साली गूगलनेही त्या दिवशी त्यांचं चित्र झळकवलं. फोटोखालची गोष्ट दरवर्षी तीच असते. १९३३ साली मुंबईची ही हुशार पदवीधर बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज करते, मुलगी म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन तिला नकार देतात, ती सत्याग्रहाला बसते आणि प्रवेश घेऊनच उठते.

ही गोष्ट सांगायलाच हवी. नोबेल मिळवलेला माणूसही किती कोता वागू शकतो, हे मुलांना कळू दे. प्रवेश मिळाला तोही अटींवर : आधी वर्षभर काम बघू, पसंत पडलं तर मान्यता देऊ. पण आपण सगळे त्या दारातच घुटमळतो. आत जाऊन बाईंनी काय केलं, याची चौकशी कोण करतं?

आत गेल्यावर त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. केंब्रिजला बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी असतं, हे दाखवलं. त्यावरचा पीएचडीचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. पदवी मिळताच १९३९ साली त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी नीरा तपासली, डाळी तपासल्या. गरिबाच्या पोटात जे जातं त्यातून अंगी किती लागतं, हा त्यांचा प्रश्न होता. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरेच्या दुधाचा दर्जा सुधारायलाही त्यांनी सल्ला दिला. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद मात्र त्यांना वर्षानुवर्षं ताटकळवून दिलं गेलं. रामन यांच्या दाराची गोष्ट रंगवून सांगणारे आपण, आपल्या मुंबईतल्या या दाराबद्दल गप्प असतो.

उतारवयात त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या आणि ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. दिल्लीत त्यांचा मोठा सत्कार झाला तेव्हा ऐंशी कधीच उलटली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. आपला समाज हार घेऊन पोचतो, पण किती उशिरा!

म्हणून पुढच्या १८ जूनला भाषणं नकोत. बाईंनी लोकांचं अन्न तपासलं, तसं आपणही तपासू. प्रत्येक महाविद्यालयाने रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दिवसभर लोकांना उघडी ठेवावी. गल्लीतल्यांनी आपापल्या घरचं दूध, हळद, तिखट आणावं, विद्यार्थ्यांनी ते समोर तपासून द्यावं. दुधात पिष्ट घातलं असेल तर आयोडीनचा थेंब पडताच ते निळं होतं. एवढी तपासणी बारावीची मुलंही करतील. निकाल फाटकावरच्या फलकावर लावावेत. त्या दिवसाची भेसळवाल्यांना धास्ती बसली, तर कमलाबाईंची जयंती झाली असं म्हणू.