एक स्टेशन पुढे

बदलापूर लोकलमध्ये फोन वाजला की पहिला प्रश्न ‘कुठे आहेस?’ आणि उत्तर ठरलेलं: एक स्टेशन पुढचं. गाडी डोंबिवलीत असेल तर ‘कल्याण सोडलं’. कल्याणला रखडली असेल तर ‘उल्हासनगर गेलं, अंबरनाथ येईलच, कुकर लाव’.

नेमका त्याच क्षणी डोक्यावरचा स्पीकर खणखणीत बोलतो, ‘पुढील स्टेशन, विठ्ठलवाडी’. सगळा डबा ऐकतो. पलीकडे बायकोही ऐकते. पण ‘आत्ता काय ऐकू आलं?’ असं ती विचारत नाही. मनातल्या मनात वीस मिनिटं मिळवते आणि म्हणते, ‘बरं, लावते.’ कुकर तिनंही लावलेला नसतोच!

उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात हेच शास्त्र आणखी पुढे गेलंय. ‘माल टेम्पोत चढला’ म्हणजे बटणं लागायचीत. ‘माल निघाला’ म्हणजे कापड कापायला घेतलंय. त्यावर व्यापारीही शांतपणे सांगतो, ‘पेमेंट सकाळीच टाकलंय, सर्व्हर डाऊन आहे.’ दोघंही समाधानानं फोन ठेवतात. ‘कारागीर गावाला गेलेत’ एवढं मात्र खरं मानावं. ते सांगून कुणाचाच फायदा नसतो.

भारतात मोबाइल आला 1995 साली, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, करणाऱ्याचा मीटर मात्र चालूच राहिला. म्हणून मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे ‘उतरलो, स्कूटर घेऊन ये’. दोन म्हणजे ‘रिक्षानं येतो’. चुकून कुणी उचललाच, तर घरी गेल्यावर बोलणी खायची. मग 2016 साली जिओ आलं, बोलणं जवळपास फुकट झालं आणि थापांनाही बॅलन्स लागेनासा झाला.

फोन ठेवण्याचे मानपान वेगळेच. ‘ठेवू?’ ‘ठेव.’ ‘चल, ठेवतो.’ ‘हां, ठेव ठेव.’ एवढं झाल्यावर आत्या म्हणते, ‘अरे, मुख्य सांगायचं राहिलंच!’ आत्याच्या आधी फोन कापणाऱ्याचं नाव पुढच्या लग्नापर्यंत निघतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना हल्ली घराघरांत नवं खूळ शिरलंय: ‘लाइव्ह लोकेशन पाठव.’ मंडळी, माणसाचं लोकेशन मागू नका. तो बिचारा कल्याणच्या अलीकडे सिग्नलला उभा आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागायचंच असेल तर गाडी कधी हलणार ते विचारा. तेही त्याला नको, रेल्वेला विचारा.