व्यवसाय : शेती

निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्तेची पानं भरायला सीए, वकील आणि सौभाग्यवती असे तिघे लागतात. व्यवसायाच्या रकान्याला मात्र दोनच अक्षरं पुरतात : शेती.

आमचे अण्णासाहेब (नाव काल्पनिक, माणूस प्रत्येक तालुक्यात उपलब्ध) एकेकाळी खरोखरच शेतकरी होते. वाट्याला आलेली पाच एकर स्वतः कसायचे. मग ते गावच्या सोसायटीचे चेअरमन झाले आणि पुढे पंचायत समिती, बाजार समिती, जिल्हा बँक, साखर कारखाना असं करत मुंबईला पोचले. माणूस बांधापासून जितका लांब जातो तितकं त्याचं पीक जोमदार येतं, हा शोध राहुरीच्या कृषी विद्यापीठालाही अजून लागलेला नाही.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला, तेव्हा कल्पना साधी होती : कारखान्याचा मालक शेतकरीच असावा. अण्णांनी ती शब्दशः पाळली. नेमका कोणता शेतकरी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या कारखान्याने सरकारच्या थकहमीवर कर्ज काढलं, यथावकाश तो आजारी पडला आणि लिलावात निघाला. विकत घेणाऱ्या कंपनीत अण्णांचे भाचेजावई संचालक निघाले, हा निव्वळ योगायोग.

ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर १५ टक्के व्याज द्या, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरुणपणी याच मागणीसाठी अण्णांनी उसाच्या ट्रॅक्टरची हवा सोडली होती. चेअरमन झाल्यावर त्याच मागणीचं निवेदन त्यांनी हसतमुखाने स्वीकारलं. हात तोच होता, अंगठ्या तेवढ्या वाढल्या होत्या.

विरोधात असताना अण्णा गळ्यात कांद्याची माळ घालून विधान भवनाच्या पायऱ्यांवर बसत. सत्तेत आल्यावर कळलं, की कांद्याची निर्यात केंद्राचा विषय, पाऊस देवाचा आणि पीकविमा कंपनीचा. राज्याच्या वाट्याला उरतात ती उद्घाटनं.

एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागली. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीतून आजी-माजी आमदारांना वगळलं, तेव्हा ते कळवळून म्हणाले, "मग आम्ही काय शेतकरी नाही?" आयकर खात्याने मात्र त्यांना कधी दुखावलं नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो. मूळ सोय गरिबासाठी असेलही, पण कायद्याने श्रीमंत शेतकऱ्यावर अन्याय का करावा? दुष्काळात शेजारच्या चुलतभावाचे बियाण्याचे पैसे सुटले नाहीत. तोच पाऊस, तीच माती. अण्णांच्या पाच एकरांत मात्र काही कोटी पिकले, तेही करमुक्त! एवढं वाण त्यांनी भावकीला द्यायला काय हरकत होती?

आता पुन्हा निवडणूक येईल आणि "मी शेतकऱ्याचा पोरगा" अशी साद येईल. मतदारांना विनंती एवढीच : भाषण संपलं की साहेबांना विचारा, "या आठवड्यात तुमच्या मोटारीला थ्री फेज लाइट दिवसा आहे की रात्री?" उत्तरासाठी साहेबांनी पीएकडे बघितलं, तर त्या रकान्यातली दोन अक्षरं तुम्हीच खोडा. त्यासाठी मतदान यंत्रावर बटण दिलेलं आहे.