टाकळ्याची सहल

श्रावणाची झड. बामणोलीच्या वाटेवर माणशी पाचशे रुपये भरून आम्ही वीसजण टाकळ्याच्या एका झुडपाभोवती रिंगण करून उभे. मार्गदर्शकांनी आधी शास्त्रीय नाव सांगितलं, सेना टोरा. मग पर्णिकांच्या जोड्या मोजायला लावल्या. तीन. खालच्या जोड्यांमधली बारीक ग्रंथीसुद्धा भिंगातून दाखवली.

गवताचा भारा घेतलेली एक मावशी थबकली. “काय हरवलं का?”

“भाजी ओळखतोय.”

ती हसलीही नाही. “आता ओळखून काय करतासा? फुलावर आलाय की त्यो. कोवळा असतानाच खुडायचा.”

भिंगातून एवढं मात्र दिसलं नव्हतं.

9 ऑगस्टच्या सुमारास कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. कुर्डू, पाथरी, भारंगी नावाच्या पाट्या लावून टेबलावर बसतात. एरवी त्यांना कुणी उभंही करत नाही.

परतताना वाळव्याला दाजींकडे उतरलो. पाठीवर पंप घेऊन ते आडसाली उसात टू-फोर-डी मारत होते. हे औषध उसाला सोडतं आणि रुंद पानाचं तण मारतं. रुंद पानाचं म्हणजे तांदुळजा, घोळ, कुर्डू. सकाळी वहीत उतरवलेली निम्मी यादी.

“दाजी, ही भाजी आहे!” मी ताज्या अधिकारानं ओरडलो.

“ठाऊक हाय. आई रोज करायची.” नोझल पुसत त्यांनी विचारलं, “पाचशे दिलं म्हणता? पुढच्या साली आम्हालाच द्या. दोन सऱ्या सोडतो.”