लिनक्सनिष्ठाने ग्राफिक्स कार्ड कसे निवडावे

लिनक्सनिष्ठ म्हणजे लग्नाच्या पंगतीतही मुक्त सॉफ्टवेअरवर बोलणारा आणि लॅमिंग्टन रोडला पोचताच सर्वांत झगमगणारे खोके मागणारा गृहस्थ. पुढील नियम त्याच्यासाठी आहेत. तो ते पाळणार नाही, हे गृहीत धरलेले आहे.

नियम पहिला. दुकानदाराला ‘लिनक्सवर चालेल ना?’ असे विचारू नये. तो ‘चालेल की’ म्हणतो.

नियम दुसरा. हिरवे खोके उचलण्यापूर्वी इतिहास आठवावा. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात खुद्द लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे वळून एनव्हिडियाला मधले बोट दाखवले. लिनक्सनिष्ठाला हा प्रसंग तोंडपाठ असतो, आणि घरी कार्ड एनव्हिडियाचेच असते. का, तर एनव्हिडियाची ‘कूडा’ ही प्रणाली. कारण खोटे नाही. मशीन लर्निंगची बरीच साधने कूडावरच बेतलेली आहेत. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलही खुले केले. पण ते मूळ कर्नलच्या बाहेरच राहिले. त्यामुळे कर्नल बदलला की मॉड्यूल नव्याने बांधा, सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर सही करा. यातले काही चुकले की सकाळी काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर, आणि बायकोच्या मोबाइलवर उपायांचा शोध. तिला ऑफिसला जायचे असते, हो!

नियम तिसरा. एएमडी घ्यावे. त्याचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून, म्हणजे ४.२ आवृत्तीपासून, कर्नलमध्येच आहे; वरचे काम मेसा हे खुले ग्राफिक्स सॉफ्टवेअर सांभाळते. कार्ड बसवले, बटण दाबले, चालले. लिनक्सनिष्ठाची अडचण नेमकी हीच: मग रविवारी करायचे काय?

मात्र कार्ड फार नवे नको. डेबियन १२ चा ६.१ कर्नल डिसेंबर २०२२ चा आहे. २०२५ सालचे आरएक्स ९०७० तो कुठून ओळखणार? शिवाय मॉनिटर डिस्प्लेपोर्टचा पाहावा. एएमडीने खुल्या ड्रायव्हरसाठी केलेली एचडीएमआय २.१ ची जुळणी २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने नाकारली.

नियम चौथा. इंटेल आर्क घेताना मदरबोर्डला रिसायझेबल बार ही सोय आहे का, ते पाहावे. बस.

एक मात्र मान्य करावे लागेल. मामींचा अडगळीत निघालेला लॅपटॉप लिनक्स मिंट टाकून या लिनक्सनिष्ठानेच जिवंत केला, तेही चहावर. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. भजने, बँक आणि अमेरिकेतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल यांना इंटेलच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरते. ज्याची गरज एवढीच आहे, त्याने कार्ड घेऊच नये.