रिकामा डबा

बुधवारी आणि रविवारी आमचे नाना घरी सापडत नाहीत. ते जुन्या बाजाराचे वार. मंगळवार पेठेत तुटके पंखे नि मिलिटरीचे बूट यांच्या ढिगापुढे ते उकिडवे बसलेले असतात, नाक एखाद्या गंजक्या जेरीकॅनच्या तोंडाशी. वैद्यानं नाडी सोडावी तसं नाक काढून म्हणतात, "पेट्रोलचा." मग घासाघीस.

डबा घरी आला की आधी त्याची वंशावळ. "१९३७चं डिझाईन! जर्मन!" वीस लिटर, तीन मुठी, पेट्रोलनं भरला तरी पाण्यावर तरंगतो, कारण पाठीच्या कुबडात हवा राहते. इंग्रजांचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात इतके गळायचे, की त्यांनी शत्रूचे पळवले आणि मग सरळ नक्कलच केली. जर्मन म्हणजे 'जेरी', म्हणून जेरीकॅन. ही कथा आमच्या जिन्यातल्या मांजरालाही पाठ आहे.

मग अभ्यंगस्नान. गच्चीवर आठवडाभर तोंड उघडं, साबणाचं पाणी, शेवटी लिंबूसत्त्व आणि मूठभर नटबोल्ट घालून झाकण बंद. वाड्यातली पोरं तो लेझमीच्या तालावर हलवतात. आतून लाल चहा निघाला की नाना समाधानानं सोड्याचं पाणी फिरवतात आणि डबा उन्हात पालथा घालतात.

एकदा बुडाला बारीक भोक निघालं. कोपऱ्यावरचा वेल्डर म्हणाला, "काका, रिकामाच आहे ना? एक टाका मारतो." नाना डबा पोटाशी धरून मागे सरले. "अरे, भरलेल्यापेक्षा रिकामाच वाईट! आत वाफ असते, हवा असते, ठिणगी तेवढी तू देणार!" त्या डब्यात आता सदाफुली आहे. काकूंना अळू लावायचं होतं. परवानगी मिळाली नाही.

परवा गुरुवारी पाणी बंद. टँकर आला. काकूंनी गॅलरीत रांगेनं उभ्या अकरा डब्यांकडे पाहिलं.

"एकही नाही?"

"पेट्रोलचा डबा पाण्याला कधीच चालत नाही. कितीही धू."

"मग पाण्याचे का नाही आणत?"

"त्यांना वास नसतो गं," नाना म्हणाले आणि प्लॅस्टिकची बादली घेऊन खाली गेले. वर येताना दुसऱ्या जिन्यावर बादलीची कडी निसटली. पाणी तळमजल्यापर्यंत गेलं. काकू दारात उभ्या होत्या. भिजल्या पायांनी नाना कडीकडे बघत म्हणाले, "बघ. एकच मूठ."