साहेबांची भिशी

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या बंगल्यामध्ये छातीइतकी उंच भिंत आहे. त्यांच्या कढीपत्त्याच्या फांद्या आणि माझी कोपरं कायम तिच्यावर टेकलेली. सकाळी पोळ्या झाल्या, नळाचं पाणी गेलं, की आम्ही आपापल्या बाजूला उभ्या. परवा मी वाटीभर साखर मागायला म्हणून गेले आणि सव्वा तास तिथंच होते. गॅसवरची आमटी नंतर उलथन्यानं खरवडून काढली.

"काकू, आमच्या बाथरूममधनं आवाज येतोय का हो तुमच्याकडं?"

"येतोय की. पहाटे पाचपासून. 'मंचावरील सन्माननीय' एवढं तर माझंसुद्धा पाठ झालं."

"गव्हर्नर येणारेत ना पुढच्या आठवड्यात. जेवायला आपल्याकडंच."

माझ्या हातातली वाटी पडता पडता राहिली. मला वाटलं राजभवनातलेच. म्हटलं, चला, आता कॉलनीचा रस्ता एका रात्रीत डांबरी होणार, कुत्रीसुद्धा धरून नेणार. वहिनी हसून हसून भिंतीला टेकल्या. हे गव्हर्नर रोटरीचे. मराठीत प्रांतपाल. जिल्ह्यातल्या क्लबांचे एका वर्षापुरते प्रमुख. त्यातही त्यांचा 'जिल्हा' म्हणजे आपला सांगली जिल्हा नव्हे, कित्येक जिल्हे मिळून त्यांचा एक. आणि वर्ष सुरू होतं 1 जुलैला. म्हणजे पाऊस आणि नवीन अध्यक्ष बरोबरच येतात. यंदा वहिनींच्या साहेबांचा नंबर लागलाय. तेव्हापासून त्या घरात इस्त्री थंड झालेली नाही.

साहेब भाषणात क्लबचा इतिहास सांगणार आहेत. गव्हर्नरांना तो इतिहास माहीत नसेल असं साहेबांना का वाटतं, हे मी विचारलं नाही. पण वहिनींनी तो ऐकून ऐकून इतका पाठ केलाय की जिरं निवडता निवडता म्हणून दाखवला. 23 फेब्रुवारी 1905, गाव शिकागो. पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनिअर आणि एक शिंपी, असे चौघं संध्याकाळी जमले. मोठ्या शहरात ओळखीपाळखी नाहीत, तर धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून. आज याच्या ऑफिसात, पुढच्या वेळी त्याच्या. पाळीपाळीनं फिरायचं, म्हणून नाव रोटरी.

"म्हणजे भिशीच की हो वहिनी!"

"तेच मी ह्यांना म्हटलं. दोन दिवस बोलले नाहीत."

आता सांगा, काय चूक बोलले मी? आमची महिन्याची भिशी अशीच फिरते. फरक एवढाच, की आमच्याकडं साबुदाणावडा असतो आणि चिठ्ठी निघाली की पैसे घरी जातात. ह्यांच्याकडं जेवण असतं, त्याला 'फेलोशिप' म्हणतात, आणि पैसे खिशातून बाहेरच जातात.

बायकांना मात्र या भिशीत बरीच वर्षं घेत नव्हते. 1987 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला आणि 1989 मध्ये रोटरीनं आपल्या घटनेतून 'फक्त पुरुष' हे काढून टाकलं. तोवर मेंबरांच्या बायकांना म्हणायचे 'ॲन'. 1914 साली ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत एका मेंबरची बायको होती, तिचं नाव ॲन. पुढं आणखी एका मेंबरची बायको भेटली, तीही ॲन. झालं, सगळ्याच ॲन झाल्या. आपल्याकडं अजून काही क्लबांत म्हणतात. वहिनींचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि हे तिसरं, तेही परदेशातलं.

"मग आता मेंबर व्हा की तुम्ही."

"होईन की. पण मग तिकिटं विकायला ॲन कोण राहणार?"

इथं आम्ही खऱ्या विषयावर आलो. दिवाळीनंतर, रंगभूमी दिनाच्या आसपास, क्लब नाटकाचा प्रयोग लावतोय. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी निधी गोळा करायचा. आता सांगलीत मदतनिधीसाठी नाटक लावण्यात नवल काही नाही. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठीतलं पहिलं नाटक, 'सीतास्वयंवर', इथंच केलं. तेव्हापासून आम्हाला कुणी चांगल्या कामाला पैसे मागा म्हटलं, की आधी पडदाच दिसतो.

मी म्हटलं, "पण वहिनी, खरं सांगा, निम्मे पैसे तुमच्या त्या फेलोशिपमध्येच जात असतील ना? लोक बोलतात हो."

लोक म्हणजे कोण, तर मीच. गेल्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीत बोलले होते.

वहिनींनी जिऱ्याचं ताट खाली ठेवलं, आत गेल्या आणि शाळेची दोनशेपानी वही घेऊन आल्या. "हे बघा. जेवणखाण, बॅनर, गव्हर्नरांचा हार, सगळं मेंबरांच्या वर्गणीतनं. लोकांकडनं घेतलेला पैसा दुसऱ्या खात्यात. त्यातनं चहासुद्धा प्यायचा नाही. तो हिशेब ट्रस्टच्या ऑडिटला जातो, काकू."

मग त्यांनी नाटकाचं गणित सांगितलं. तिकिटाला तिकीट म्हणायचं नाही, 'देणगी प्रवेशिका' म्हणायचं. नाटक कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची, नाट्यगृहाचं भाडं, मंडळींचं राहणं-जेवण, सेटचा ट्रक. सगळ्या प्रवेशिका खपल्या तर एवढं जेमतेम निघतं. खरी कमाई स्मरणिकेत. मलपृष्ठ सराफाला, आतलं रंगीत पान बिल्डरला, अर्धी पानं मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांना. डॉक्टरांना जाहिरात करणं त्यांच्या नियमात बसत नाही, म्हणून ते बिचारे 'एक हितचिंतक' होतात. ती स्मरणिका कुणी वाचत नाही. प्रयोगाच्या दिवशी वारा घ्यायला मात्र सगळ्यांना लागते.

"आणि मागायला जातं कोण?" मी विचारलं.

"साहेब पत्र लिहितात. लेटरहेडवर. जाते मी."

या एका वाक्यावर त्या पंधरा मिनिटं बोलल्या आणि मी मधे बोलले नाही, हा आमच्या भिंतीवरचा विक्रम असेल. मागायला जाणं म्हणजे काय, हे मागितल्याशिवाय कळत नाही म्हणाल्या. दुकानात गिऱ्हाईक असलं की बाहेर उभं राहायचं. मालक मोबाईलवर बोट फिरवत राहतो, आपण हसत राहायचं. कुणी म्हणतं मार्चनंतर या. कुणी म्हणतं, मागच्या वर्षी दिले होते की, जसा काही मोतीबिंदू एकदाच व्हायचा असतो जगाला. पूर्वी 80जीची पावती म्हटलं की लोक थोडे ऐकायचे, करात सूट मिळते म्हणून. आता म्हणतात, आम्ही करभरणीच्या नव्या पद्धतीत गेलोय, तुमच्या पावतीचा उपयोग नाही. अहो, म्हाताऱ्याला दिसेल त्याचा काही उपयोग?

आणि पासवाले! तीन मजली बंगला, दारात दोन गाड्या, आणि विचारतात, "वहिनी, पास असतील ना दोन-चार?" मराठी माणूस नाटकावर फार प्रेम करतो, पण फुकट बसलं की जरा जास्त करतो.

"मात्र वहिनी, तुमच्या लोकांची फोटोची हौस जरा अतीच हं." मी हार मानणारी नव्हते. मागं त्यांनी शाळेला एक सिलिंग फॅन दिला. फोटोत त्या फॅनला अकरा हात लागलेले. पंखा कुणाचा, पाती किती, काही कळेना. वहिनींनी हे निमूट कबूल केलं. बाराव्या हाताला जागा मिळाली नाही म्हणून एक मेंबर महिनाभर रुसला होता, असंही सांगितलं, पण ते तुम्ही कुठं बोलू नका.

2019चा पूर मात्र आम्हा दोघींना सारखाच आठवतो. ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली होती. बाहेरगावाहून मदतीचे ट्रक येत होते, आणि क्लबच्या लोकांनी एका मंगल कार्यालयात ते उतरवून घेतले. मीही निवडायला गेले होते. काय काय निघालं म्हणता? एका पायातली सँडल. चेन तुटलेली जॅकेटं. एक शेरवानी. चार दिवस पाण्यात काढलेल्या माणसाला शेरवानी! लोकांनी कपाट आवरलं आणि त्याला मदत म्हटलं. तेव्हा वहिनी दुसऱ्या दिवशी वही घेऊन निवाऱ्यातल्या बायकांकडं गेल्या आणि काय हवं ते लिहून आणलं. खराटे, फिनेल, टॉर्च, चटया, सॅनिटरी पॅड. पॅडचं नाव क्लबच्या यादीत आधी नव्हतंच. यादी साहेबांनी केली होती.

मला पोलिओही आठवला. 1995 पासून डोसाचे रविवार सुरू झाले तेव्हा आमच्या धाकट्याच्या डाव्या करंगळीला शाई लावणारी बाई सरकारी होती, पण शेजारी टेबल-मांडव घालून पोरांना बिस्किटं देणारे हेच लोक. 1985 पासून रोटरीनं जगभर ते काम अंगावर घेतलं होतं. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण सापडला 13 जानेवारी 2011ला, हावड्याकडं, एक लहान मुलगी. 2014च्या मार्चमध्ये तर पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेटच मिळालं. नर्स, आशाताई, अंगणवाडीच्या बायका, त्यांनी दारोदार फिरून ते केलं, हे खरं. पण बिस्किटवाल्यांनाही थोडं श्रेय द्यावं लागेल. चिवट लोक आहेत. एकच गोष्ट पंचवीस वर्षं धरून ठेवणं आमच्या भिशीला जमलेलं नाही, आमची तीनदा फुटली.

"मागच्या मोतीबिंदूच्या शिबिराचं सांगितलं का तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या. खेड्यातल्या दहा-बारा म्हाताऱ्यांना टेम्पोनं आणलं होतं. दुसऱ्या दिवशी एका आजींची पट्टी काढली, काळा चष्मा चढवला. फोटोवाला तयार, साहेब हात जोडून तयार, सगळ्यांना वाटलं आता आजी आशीर्वाद देणार. आजींनी समोर उभ्या सुनेच्या हातातला डबा घेतला, उन्हात धरला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "अशी घासतीस व्हय गं भांडी?"

तो फोटो त्यांनी छापला नाही. मला विचाराल तर स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर तोच हवा होता.

एवढ्यात माझ्याकडनं जळका वास आला आणि बाथरूममधलं भाषण आभारापर्यंत पोचलं. मी पळाले. साखरेची वाटी तिथंच राहिली.

दुपारी वहिनींच्या मुलानं ती आणून दिली. वाटी रिकामी परत देऊ नये असं आम्ही दोघी मानतो, म्हणून वर साखर होतीच, आणि साखरेत खोचलेल्या दोन देणगी प्रवेशिका. एच रांग, 11 आणि 12. पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलेलं: काकू, पास नाहीत. पैसे रविवारपर्यंत.